मापाच्या वहीतली वाट

आमच्या घरात रोडग्यांचा विषय निघाला की माझं डोकं फिरायचं. अजूनही फिरतं, फक्त आता कारण वेगळं आहे.

आमचं गाव इचोड्याच्या सडकेपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. बाबा भाजीपाला लावायचे, वांगी, मिरची, मेथी, आणि वरच्या तुकड्यात ज्वारी अन् कापूस. डोंगरावर मोहाच्या झाडाखाली आमचा देव, म्हणजे शेंदूर फासलेला एक दगड. ज्वारी घरात आली की एखादा रविवार धरून सगळी भावकी डोंगरावर चढायची. वर गोवऱ्या पेटवायच्या, जाड कणकेचे गोळे त्यांच्या आरात भाजायचे, फडक्यानं राख झटकायची, गरम रोडगा हातानं फोडायचा, भेगेत तूप सोडायचं आणि आमच्याच वावरातल्या वांग्यांच्या भाजीशी खायचा. लोक वर्षभर त्या जेवणाची आठवण काढायचे. मी वर्षभर राग काढायची.

दोन वर्षांची असताना ताप आला आणि माझे पाय गेले. गेले म्हणजे आहेत, जागेवरच आहेत, पण काम करत नाहीत. नऊ वर्षांची होईपर्यंत बाबा मला पाठुंगळी घेऊन वर न्यायचे. वाट म्हणजे दगडाच्या पायऱ्या, कुठे घोट्याएवढ्या, कुठे गुडघ्याएवढ्या. बाबा धापा टाकायचे आणि मी त्यांच्या कानात "अजून किती, अजून किती" करायची. मग एका वर्षी माय म्हणाली, "पोरगी मोठी झाली आता. कोण उचलन तिले?" तेवढ्यावर ते संपलं. मला कोणी विचारलंही नाही.

तेव्हापासून मी खाली. पायथ्याशी चिंच होती. तिच्याखाली बंडी सोडायचे, बैल बांधायचे, देवाचा डोंगर म्हणून सगळ्यांनी चपला तिथेच काढायच्या. बैल, चपला आणि मी. सोबतीला बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, तिचे गुडघे गेलेले. आणि आमची पिवळी कुत्री. कुत्र्यांना वर मनाई होती, कारण कधीकाळी कोणाच्या तरी कुत्र्यानं नैवेद्याच्या कणकेत तोंड घातलं होतं. त्याची शिक्षा आमच्या कुत्रीला. चाकाला बांधलेली ती बिचारी आणि चाकाला टेकून बसलेली मी.

चार वाजता वरून आमचा वाटा यायचा. पळसाच्या पानात रोडगा, तूप गोठलेलं, भाजीवर साय धरलेली. आणणारा म्हणायचा, "गरमच हाये वं, आत्ताच काढला." एका वर्षी मी तो रोडगा आणणाऱ्याच्याच अंगावर फेकला. आमचा चुलता होता तो. गुडघ्याला लागला त्याच्या. दुसऱ्या वर्षी त्यानंच तोड काढली, हिला खाटेवर टाकून चार जणांनी न्यावं. मी म्हटलं, "काऊन, मी मढं हाये काय?" पुन्हा कोणी खाटेचं नाव काढलं नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं असताना आदिलाबादच्या सरकारी शिबिरातून मला तीनचाकी मिळाली, हातानं पायडल फिरवायची. त्याआधीच मी हाताची शिलाई मशीन घेऊन बसले होते. गावातल्या बायांचे ब्लाऊज शिवायची. मापं लिहायला एक लांबट वही होती, लाल पुठ्ठ्याची. तीनचाकी आल्यावर मी कापड आणायला एकटी सडकेपर्यंत जायला लागले, कुत्री चाकाच्या सावलीनं चालायची. लोक हसायचे, "दोघी निघाल्या बाजाराले." निघाल्या तर निघाल्या!

त्या वर्षीच्या रोडग्यांना कुत्रीनं दोरी कुरतडली आणि पळाली. आत्या ओरडली, मी हाका मारल्या. गेली ती गेलीच. तासाभरानं परत आली तेव्हा तोंडात अख्खा रोडगा. राख लागलेला, गरम. तिनं तो माझ्यासमोर ठेवला नाही हो, उगाच कथा सांगत नाही. दूर बसून एकटीनं खाल्ला. पण मी बघत होते ते तिच्या पायांकडे. चारही पाय काळ्या चिखलानं भरलेले आणि अंगभर कुसळं. पायऱ्यांवर चिखल नाही, गवत नाही, नुसता दगड. शिवाय ती पायऱ्यांवरून आलीच नव्हती. डोंगराच्या मागून, नाल्याकडून आली होती.

म्हणजे दुसरी वाट होती.

आत्याला विचारलं. ती म्हणाली, "हाये ना. निजामाच्या टायमाले लाकडाच्या बंड्या उतरत तिकडून. आता रान झालं त्याचं." भरलेली बंडी उभ्या चढावर चालत नाही. लाकडाच्या ओझ्याची बंडी उतरायची तर वाट लांब, वळणावळणाची आणि मंद उताराचीच असणार. आणि जिथून बंडीचं चाक जाईल तिथून माझं का नाही जाणार?

मोठ्या भावाला सांगितलं. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. घरात माझ्या रागाला न घाबरणारा तो एकटाच. तो म्हणाला, "पाहू चाल." दुसऱ्याच दिवशी तीनचाकीला दोर बांधून तो पुढे, मी पायडलवर, कुत्री सगळ्यांच्या पुढे. पहिल्या दिवशी आम्ही फक्त नाल्यापर्यंत पोचलो. हातांना फोड आले होते आणि मी वेड्यासारखी हसत होते.

पुढचे दोन हिवाळे दादा त्या वाटेवर राबला. खरंच राबला, ते मी नाकारत नाही. कोयत्यानं झुडपं तोडली, सब्बल घेऊन दगड उपटले, नाल्यात दगडाच्या सपाट फाड्या बसवल्या, जिथं भुसभुशीत होतं तिथं मुरूम टाकला. मी रोज जायची. तो विचारायचा, "सांग, कुठं अडते? हात कुठं दुखते?" आणि मी सांगायची. इथं पुढचं चाक रुततं, इथं डावं चाक उचलतं, इथं चढ छोटा आहे पण दम काढतो, आधी थांबायला जागा पाहिजे. तो तसं करून द्यायचा. सगळ्या जन्मात मला कोणी असं काही विचारलं नव्हतं. लोक सांगायचे, बस इथं, थांब इथं, येतो आम्ही. हा विचारत होता. मला वाटायचं, भाऊ असावा तर असा.

कधी कधी तो मला न सुचणारंही विचारायचा. "उतारावर बिरेक लागते काय? वळणावर सरकते?" मला चढायची घाई, त्याला उतरायची काळजी. एकदा त्यानं माझ्या सीटमागच्या लोखंडी पाटीवर ज्वारीची दोन पोती ठेवली आणि म्हणाला, "आता पाह्य बरं, भरल्यावर कशी चालते." मी विचारलं, हे काय नवीन? तो म्हणाला, "रोडग्याच्या दिवशी भांडी कोण नेईन वर? तूच नेशीन." मी चाट पडले. मी भांडी नेणार! बैल, चपला आणि मी यातून मी थेट भांडी नेणारी झाले. ती पोती घेऊन मी तीन वेळा वर-खाली केलं, खांदे भरून आले तरी.

आणि एकदा म्हणाला, "कुतरीले या वाटेवर भुकू देऊ नको. देवाची वाट हाये." मी तिला शिकवलं. भुंकली की थांबायचं, गप्प राहिली की भाकरीचा तुकडा. महिन्याभरात त्या वाटेवर ती तोंडातून आवाज काढीना.

मी काय केलं, तर वाट वहीत लिहून काढली. मापं घ्यायची सवय हाताला. चाकाच्या आरीला लाल चिंधी बांधली आणि ती वर आली की एक फेरा, असं मोजत गेले. मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलं. मोठ्या बोरीपासून नाल्यापर्यंत दोनशे चौदा फेरे. इथे डावीकडून, उजवीकडे मऊ. इथे दम घेणे, चाकामागे दगड लावणे. इथे उतरताना हळू, वळण आंधळं. इथे कुत्रीला पाणी, होळीनंतर आटतं. इथे सावली. वाट घट्ट दगडाची असेल तिथे सरळ रेघ, मुरमाची असेल तिथे तुटक. ब्लाऊजच्या कागदावर जशी शिवण आणि कापणी वेगळी दाखवतात, तशी.

कशासाठी लिहिलं? आत्यासाठी. आणि आणखी एक जण होता, दूरच्या नात्यातला, भैंसा गावातल्या कापसाच्या जिनिंगमध्ये त्याचा एक पाय गेला होता, तोही अलीकडे खाली बसायला लागला होता. काठीनं हळूहळू चालणाऱ्याला कुठे बसता येईल, पाणी कुठे, पुढे चढ किती, हे आधी माहीत असलं की भीती जाते. मला आधी माहीत नव्हतं म्हणून मला ठाऊक.

तिसऱ्या वर्षी मी वर गेले. भांडी घेऊन! तपेलं, परात, तुपाची बरणी, सगळं माझ्या पाटीवर. दादा दोर ओढत होता आणि कुत्री पुढे. मोहाच्या झाडाखाली पोचले तेव्हा गोवऱ्यांचा धूर वर जात होता. माय माझ्याकडे बघतच राहिली, मग पदरात तोंड घालून रडायला लागली. मी ओरडले, "रडतं काय, रोडगा दे!" बाबांनी आरातून काढला, राख झटकली, फोडला, तूप सोडलं. माझी टाळू पोळली. बारा वर्षांत इतकं चांगलं काही मी खाल्लं नव्हतं. कुत्रीलाही दिला, कोणी काही बोललं नाही.

आत्या मात्र खालीच होती. मी दादाला म्हटलं, पुढच्या वर्षी तिला आणायचं, वही दाखवते तिला. दादा एकदम थंड पडला. म्हणाला, "कोणाले सांगू नको. आपण झाडं तोडली ना वाटेत. जंगलातवाल्यायच्या कानावर गेलं तर केस लावतीन अन् वाट बंद करतीन. मंग तूबी खालीच." जंगलातवाले म्हणजे वनखात्याचे लोक. भावकीला त्यानं सांगितलं होतं की मागची वाट लय बेकार आहे, कशीबशी ओढून आणली हिला. मी हो ला हो केलं. आत्यानं मला विचारलं, "का वं, मले नाई जमन का तिकडून?" मी तिच्या तोंडावर खोटं बोलले. म्हटलं, "नाई जमन, आत्या. लय दगड हायेत." ती म्हणाली, "असू दे." वाट जाऊ नये म्हणून मी तिला खाली ठेवलं, जसं मला ठेवत होते.

पुढच्या काही महिन्यांत दादा बदलला. सकाळी उशिरा उठायचा, बाबा ओरडायचे तरी वावरात जायचा नाही. मनगटावर घड्याळ आलं. माय लाडानं म्हणायची, लग्नाचं वय झालं, असं होतंच. आणि माझी मापाची वही हरवली. सगळं घर उलथं केलं. तेरा बायांची मापं होती तिच्यात. अंदाजानं शिवायला गेले आणि पाटलीणबाईंचा ब्लाऊज काखेत इतका घट्ट झाला की तिनं हात वर करताच तो फाटला, तोही लग्नात. मला काय काय ऐकावं लागलं! दादा माझ्यासोबत वही शोधत होता. खाटेखाली वाकून, पेटीमागे हात घालून, कपाळाला जाळी लागेपर्यंत शोधत होता.

मग एक दिवस, दुपारची वेळ, मी ओट्यावर काज करत बसले होते. जीप आली. जंगलातचे तीन शिपाई, एक साहेब आणि हात बांधलेली दोन माणसं. ती दोघं आमच्या गावची नव्हती, मी जन्मात पाहिली नव्हती. गाव गोळा झालं. आणि आमची पिवळी कुत्री, जी अनोळखी माणसाला अंगणात पाय ठेवू देत नसे, ती उठली, शेपटी हलवत गेली आणि त्या दोघांतल्या एकाचे बांधलेले हात चाटायला लागली.

मला अजून काही कळलं नव्हतं, पण कुत्रीला कळलेलं होतं.

साहेब तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलायचा. त्यानं खिशातून लाल पुठ्ठ्याची वही काढली. "ये किसका अक्षर है?" आणि उघडून वाचायला लागला. देवनागरी त्याला अडखळत यायची. पहिलंच पान पाटलीणबाईंचं. छाती, कंबर, बाही. शिपाई हसायला लागले. बायांनी पदर घट्ट केले. मग त्यानं मागची पानं उलटली. "इथे उतरताना हळू, वळण आंधळं." माझं वाक्य. साहेबानंच सांगितलं, चोरून तोडलेल्या सागाचे चिरलेले तुकडे सायकलीला बांधून ती माणसं माझ्या वाटेनं सडकेवर उतरवत होती, आणि अंधारात चुकू नये म्हणून माझी वही सोबत ठेवत होती. दम कुठे घ्यायचा, चाकामागे दगड कुठे लावायचा, पाणी कुठे. भरलेल्या सायकलीला जे लागतं तेच माझ्या तीनचाकीला लागतं. बिरेक. वळण. दोन पोती ज्वारी. सगळं एकदम माझ्या डोक्यात उभं राहिलं.

मी दादाकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

साहेबानं विचारलं, "रास्ता किसने बनाया?" त्या दोघांनी दादाचं नाव घेतलं नव्हतं, घेणारही नव्हते. दादाच पुढे झाला. हात जोडले. "साब, मैंने बनाया. मेरी बहन के वास्ते. पैर नहीं है उसको. देव के पास जाने को रोती थी, साब." आणि त्याच्या डोळ्यांत पाणी. खरं पाणी! "किताब भी इसकीच है. पूछो उसको. कौन चोरी किया, हमको क्या मालूम."

पैर नहीं है. उभ्या आयुष्यात तो माझ्याविषयी असं बोलला नव्हता. आमच्यात माझे पाय हा चेष्टेचा विषय होता, रडायचा नव्हता. त्यानं मला उचललं आणि आपल्या पुढे ढालीसारखं धरलं, आणि मला खाली उतरायला पायही नव्हते.

सगळे माझ्याकडे बघत होते. माय तोंडावर हात ठेवून उभी. बाबांची मान खाली. मला ओरडायचं होतं. मी तापट बाई, चुलत्याच्या अंगावर रोडगा फेकलेला, आणि त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "हां साब. मैंने लिखा. मेरे वास्ते बनाया भाई ने."

साहेबाला माझी कीव आली. त्यानं मागची पानं फाडून घेतली आणि मापाची पानं मला परत दिली. जाताना तीनचाकीवर हात ठेवून म्हणाला, "सॉरी, अम्मा. रास्ता तो बंद करना पड़ेगा." चांगला माणूस होता.

आठ दिवसांनी बोरीजवळ, वाटेच्या तोंडाशीच, आडवा खंदक खोदला. पुरुषभर खोल आणि बंडी मावेल एवढा रुंद. खोदायला गावातलेच मजूर लावले. दादाही गेला. नाही गेला असता तर लोकांना संशय आला असता.

मी त्याच्याशी बोलले नाही किती तरी दिवस. मग एकदा तो माझ्या मशीनजवळ येऊन बसला. मी विचारलं, "खरं सांग. वाट कोणासाठी केली?" तो म्हणाला, "तुह्यासाठीच वं. देवाची आन. पयले तुह्यासाठीच होती. मंग त्यायनं पाह्यली, मागं लागले." मी म्हटलं, "अन् ती पोती?" तो पुन्हा म्हणाला, "पयले तुह्यासाठीच होती."

कसं सांगू, मी तेवढं एक धरून बसले. पयले. पहिल्यांदा माझ्यासाठी. नाल्यातल्या फाड्या माझ्यासाठी, मुरूम माझ्यासाठी, मग नंतर बिघडलं. भाऊ वाईट नाही, नादाला लागला. रात्री झोपताना मी स्वतःला हे समजवायची, आणि समजायचंही. माणसाला कोणीतरी एकदा तरी आपल्यासाठी दगड उपटलेत, एवढं तरी पाहिजेच असतं. मला तरी पाहिजे होतं.

पुढच्या रोडग्यांच्या दोन दिवस आधी मी तीनचाकी घेऊन बोरीपर्यंत गेले. उगाच. बघायला. कुत्री म्हातारी झाली होती, खंदक उडी मारून जाण्यासारखी राहिली नव्हती. ती घाणेरीच्या झुडपात शिरली आणि थोड्या वेळानं पलीकडच्या काठावर उभी दिसली. माझ्याकडे बघत, येतेस ना म्हणून.

मी तीनचाकीवरून उतरले. हातावर सरकत झुडपात गेले, कोपरं खरचटली. तिथे, पाल्यानं झाकलेली, खंदकावर एक फळी टाकलेली होती. सागाची, जाड, नवी. वीतभर रुंद. तिच्या मधोमध सायकलीच्या टायरची काळी रेघ पडली होती, वापरून वापरून.

एकच फळी. सायकलीला एक पुरते. मला तीन लागल्या असत्या, दोन मागच्या चाकांना आणि एक पुढच्याला. मी किती तरी वेळ तिथे मातीत बसून त्या फळीकडे बघत राहिले. कुत्री फळीवर मधोमध येऊन थांबली, मागे-पुढे बघितलं आणि माझ्याकडे परत आली.

रविवारी सगळे वर गेले. पायऱ्यांनी. मी चिंचेखाली. बैल, चपला, कुत्री. आत्या नव्हती, ती पावसाळ्यात गेली. शेवटपर्यंत तिला वाटत राहिलं की त्या बाजूनं लय दगड आहेत.

बाराच्या सुमाराला पायऱ्यांवर धावण्याचा आवाज आला. दादा होता. पळसाच्या पानांच्या चार घड्या, वरून फडकं गुंडाळलेलं, छातीशी धरून पळत आला होता. घामानं भिजलेला, पाय अनवाणी, अंगठ्यातून रक्त येत होतं. "घे," म्हणाला, "लवकर फोड. गरम हाये. खरंच गरम हाये."

गरमच होता. फडक्यातून हाताला चटका बसला. मी तो मांडीवर ठेवला, फोडला नाही. त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "खंदकावर फळी एकच काऊन टाकली?"

मला वाटलं, आता तो म्हणेल, मी टाकलीच नाही. ते चाललं असतं. मी तेही मानलं असतं, शपथेवर सांगते. पण तो खाली बसला, अंगठ्याचं रक्त मातीनं पुसलं आणि मान वर न करता म्हणाला, "तुह्या गाडीले तीन लागत्या ना वं. इतकं लाकूड कुठून आणू मी?"